गल्लाभरू सिनेमे चालतात म्हणजे लोकांची अभिरुची घसरली का?

नाही. गल्ला हे अभिरुचीचं माप नव्हेच. ‘शंभर कोटी’च्या आकड्यात वाढलेले तिकीटदरही मिसळलेले असतात, तुलना करायचीच तर विकलेल्या तिकिटांची करा.

दुसरं, पहिल्या आठवड्यावर निवाडा नको. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यातल्या २००९च्या समझोत्यानुसार तिकीटविक्रीतला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता ठरला. म्हणून मोठ्या सिनेमाचा वितरक सुरुवातीलाच जास्तीत जास्त पडदे अडवतो. छोट्या मराठी सिनेमाला दुपारी बाराचा खेळ मिळतो, कामावरचा माणूस येऊ शकत नाही, आणि सोमवारी ‘प्रेक्षकच नाही’ म्हणून तो उतरतो. यात प्रेक्षकाची आवड तपासली कुठे? खरी आवड पहिल्या शुक्रवारशी दुसऱ्या सोमवारची तिकीटविक्री ताडली की दिसते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ (२०१६) नवे चेहरे, इथलीच बोली आणि जातीय हिंसेचा जिव्हारी लागणारा शेवट घेऊन आला, तरी मराठीतला तोवरचा सर्वाधिक कमाईचा सिनेमा ठरला. ही गर्दी अभिरुची नसलेल्यांची कशी म्हणणार?

घसरण असलीच तर ती खेळांच्या वाटपात आहे. तिथे बोट ठेवा.