वाचकांचे प्रश्न : तिघीही चौकटीत दिसायला हव्यात

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘हाऊ टु मॅरी अ मिलियनेअर’ दाखवायचा बेत आहे. टीव्हीवर लावून पाहिला तर तिघींपैकी एक नायिका सारखी कडेला कापली जाते. शिवाय सुरुवातीला पाच-सहा मिनिटं नुसता वाद्यवृंद वाजतो. तो वगळला तर चालेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वगळू नका. 1953चा हा चित्रपट सिनेमास्कोपच्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या रुंद पडद्याच्या तंत्राच्या, अगदी पहिल्या चित्रपटांपैकी. संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांचा तो वाद्यवृंद नव्या रुंद पडद्याची आणि चार ट्रॅकच्या ध्वनीची ओळख करून देण्यासाठीच ठेवला आहे. तेवढ्या वेळात आवाज जुळवून घ्या. दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा, प्रेक्षकांच्या मागे नकोत. संवादही पात्र जिकडे असेल तिकडून यावेत अशी योजना आहे.

आता कापाकापीचं. चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण 2.55:1 आहे आणि टीव्हीचं 1.78:1. सेटिंग ‘झूम’वर असेल तर जवळपास 30 टक्के रुंदी जाते. ‘ओरिजिनल’ किंवा 16:9 निवडा. वर-खाली मिळून पडद्याचा सुमारे 30 टक्के भाग काळा राहील, तो राहू द्या. माणसं उभट, बारीक दिसली तर सेटिंग 4:3वर अडकलंय असं समजा. जुनी, टीव्हीसाठी कापलेली प्रत असेल तर मात्र कुठलंही बटण उपयोगी नाही, प्रतच बदलावी लागेल. प्रोजेक्टर वापरणार असाल तर 10 फूट रुंदीला चित्राची उंची साधारण 3 फूट 11 इंच येते. भिंत त्या हिशेबाने बघा. प्रोजेक्टरचं थ्रो प्रमाण (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल तर तो 15 फुटांवर ठेवा.

हे सगळं कशासाठी? त्या काळच्या भिंगांत जवळून घेतलेला चेहरा फुगलेला दिसे. म्हणून दिग्दर्शक जाँ नेगुलेस्को कॅमेरा लांब ठेवतात आणि लॉरेन बकॉल, मॅरिलिन मन्रो, बेटी ग्रेबल या तिन्ही नायिकांना एकाच चौकटीत बसवतात. एक बोलते तेव्हा उरलेल्या दोघींच्या चेहऱ्यावर काय चाललंय, यातच निम्मी गंमत आहे. मन्रो अनेक आरशांसमोर उभी राहते तिथे प्रत तपासा. कडेच्या प्रतिमा अर्ध्या दिसल्या तर ती प्रत कापलेली आहे.

प्रश्न : ‘हाऊ टु मॅरी अ मिलियनेअर’मधली पैसेवाला नवरा गाठायची गोष्ट कॉलेजातल्या मुलीला दाखवावी का?
— एक वाचिका, शाहूपुरी, सातारा

उत्तर : जरूर दाखवा. श्रीमंत स्थळासाठी तिघी महागडं पेन्टहाऊस भाड्याने घेतात आणि खर्च भागेना म्हणून घरमालकाचंच फर्निचर विकत सुटतात. मन्रोची पोला चष्मा लावला तर पुरुष बघणार नाहीत म्हणून तो काढून ठेवते आणि भिंतींना धडकत राहते. विमानात एक चष्मेवालाच तिला चष्मा लावायला सांगतो, तो प्रसंग आमच्या मते सगळ्यांत गोड. तिच्या आणि ग्रेबलच्या वाट्याला कोट्यधीश येतच नाही, आणि त्याची खंतही दोघींना नाही. बकॉलच्या शात्झेने ज्याला फाटका समजून झिडकारलेलं असतं, त्याच्यापाशी काय आहे ते शेवटच्या हॉटेलातल्या प्रसंगात कळतं. ते मुलीला आधी सांगू नका.