रांगेत चालताना नळी कुठे असते

तू विचारलंस, कॅनडात कॅल्गरीला नोकरीवर येतोय, तिथले सहकारी फेझंटच्या, म्हणजे कोंबड्याएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीला नेतात, जावं का? व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडतो. या प्रश्नाने मात्र रात्रभर झोप लागली नाही.

मी गोव्यातल्या वाळपईकडचा. बाबांकडे शेतराखणीच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. भातात डुकरं उतरली की माचावरून हवेत बार. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद, त्यामुळे बंदूक म्हणजे एकटा माणूस आणि अंधार, एवढंच मला ठाऊक. इथे चार-पाच जण एका रेषेत, कमरेएवढ्या गवतातून, पुढे कुत्रा. पक्षी पायाशीच फडफडत उठतो, छातीत धस्स होतं. डोळे पक्ष्यामागे जातात आणि नळी डोळ्यांमागे.

म्हणून रेष सोडायची नाही. मागे पडलास तर हाक मार. मधल्याने फक्त समोर, कडेच्याने समोर आणि आपल्या बाजूला. पक्ष्याखाली आकाश दिसलं तरच बार, कारण गवताच्या उंचीवर कुत्रा असतो, माणूस असतो. पक्षी उठेपर्यंत सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी खिटी, लावलेली, बोट चापाबाहेर. कुंपण ओलांडताना काडतुसं बाहेर. बारा आणि वीस गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप) काडतुसं एका खिशात कधीच नको: वीसचं बारीक, पिवळं काडतूस बाराच्या नळीत घसरून अडकतं, मागून बाराचं घालून चाप ओढला की नळी फुटते. नारिंगी जाकीट कायदा मागो न मागो, घाल.

हे सगळं मला पाठ होतं, कोर्स केला होता. पण वर्गात पक्षी उठत नाही. दुसऱ्या वर्षी खालून उडालेल्या नरामागे मी नळी फिरवली, ती शेजाऱ्याच्या छातीवरून गेली. बार झाला नाही. तो थांबला, बंदूक उघडून दोन्ही काडतुसं खिशात टाकली आणि न बोलता गाडीकडे निघाला. पुढचा अख्खा हंगाम मला कुणी बोलावलं नाही.

खरं सांगतो, मी पक्ष्यांसाठी जातच नव्हतो. शनिवारी कुणीतरी दारात येऊन हॉर्न द्यावा, म्हणून जायचो. त्यामुळे ‘मला जमत नाही, परत दाखवा’ म्हणायला जीभ उचलली नाही. बाबा गेले, त्यांची बंदूक ठाण्यात जमा झाली. वारसाच्या परवान्यासाठी तीन सुट्ट्या खेटे घातले. ‘परदेशात राहता, बंदूक कशाला?’ खिडकीवरच्या माणसाला काय सांगणार होतो?

तू पहिली फेरी रिकाम्या हातांनी चाल, फक्त रेष धरून. पहिल्या शनिवारी हॉर्न मी देईन.