रात्रीची लाइट आणि कवितेची वही

नोकरी, शेती, मुलांचे शिक्षण आणि म्हातारे आईवडील सांभाळून कविता लिहायची कधी, आणि लिहायला बसले की घरात जी कटकट सुरू होते ती मिटवायची कशी, हा प्रश्न घेऊन जळगावच्या माझ्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांतले बहुतेक जण माझ्याकडून वेळापत्रकाची अपेक्षा ठेवून येतात. रावेर तालुक्यातील एक शिक्षकही त्याच अपेक्षेने पत्नीसह आले होते. त्यांची हकीकत त्या दोघांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

सर त्रेचाळीस वर्षांचे, प्राथमिक शाळेत शिक्षक. नावावर दोन कवितासंग्रह आणि घरची तीन एकर केळी. निमित्त घडले ते मे महिन्यात, आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे असतो त्या दिवसांत. त्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रीची लाइट होती. ती आली की मळ्यात जाऊन मोटार चालू करायची, एवढेच काम सरांकडे होते. ते वही घेऊन ओट्यावर बसले, कविता हाताला लागली, आणि मान वर केली तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. लाइट रात्री अकरालाच आली होती आणि सहाला जाणार होती. निम्म्या केळीला पाणी मिळाले नाही. "कविता करू नका असं मी कधीच म्हटलं नाही," सरांच्या पत्नी, ताई, म्हणाल्या. "जाणार नसाल तर तसं सांगा, मी जाते मोटार लावायला." तेव्हा हे वाक्य मी रागाचे समजून सोडून दिले, ती माझी चूक होती.

सरांनी बचाव केला तो बहिणाबाईंचे नाव घेऊन. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी संसार आणि शेती करताकरताच गाणी रचली, मग मला का जमू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्हीही जात्यावर बसा." मला हसू आवरले नाही, पण बोलणे मार्मिक होते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. दळण चालू असताना ओवी यायची आणि दळणही थांबायचे नाही. ती कागदावर उतरवली घरच्यांनी, त्यांत त्यांचे पुत्र सोपानदेव; आणि 1951 मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर 1952 मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. म्हणजे त्या घराला गाणे ऐकू येत होते. सरांच्या घरात मात्र त्यांची कविता कोणी ऐकलेली नव्हती. बायकोला काय कळणार, हे त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते.

मी दोघांना एक आठवडा वेगवेगळ्या वह्यांत सरांच्या वेळेची नोंद ठेवायला सांगितली. सरांच्या वहीत लेखनाचे पाच तास निघाले, ताईंच्या वहीत 'कवितेत' या शीर्षकाखाली तेवीस. खोटे कोणीच लिहिले नव्हते. मधल्या अठरा तासांपैकी अकरा तास व्हॉट्सअॅपवरच्या काव्यसमूहांत गेले होते: रोजचा विषय, रोजची स्पर्धा, दुसऱ्याच्या कवितेला 'वाह, क्या बात' म्हणणे आणि संध्याकाळी रंगीत प्रमाणपत्राची वाट पाहणे. (या प्रमाणपत्रांनी मराठी कवितेचे किती भले केले, याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.) उरलेले सात तास जेवताना, गाडीवर, मुलीचा अभ्यास घेताना शरीराने हजर आणि मनाने वहीत असे गेले होते. ते सरांना दिसतच नव्हते, आणि ताईंना सगळ्यात जास्त तेच टोचत होते.

तिसऱ्या भेटीत पासबुक निघाले. दुसऱ्या संग्रहासाठी प्रकाशकाला द्यावे लागलेले चाळीस हजार रुपये सरांनी घरात न सांगता काढले होते, आणि त्यातल्या दीडशे प्रती अजून पलंगाखाली होत्या. त्या दिवशी मला ताईंच्या 'जाणार नसाल तर तसं सांगा' या वाक्याचा अर्थ लागला. ताईंची तक्रार वेळेची नव्हतीच. सर वेळही चोरून घेत होते आणि पैसेही, आणि ज्या घरात माणूस केव्हा आपला आहे आणि केव्हा नाही हे कळत नाही, तिथे तो पाच तास लिहो की पन्नास, सगळा दिवसच कवितेने नेल्यासारखा वाटतो.

लेखन बंद करण्याचा सल्ला मी दिला नाही. त्यांनी पूर्वी महिनाभर वही कपाटात ठेवून पाहिली होती, आणि तो महिना घराला सर्वांत जड गेला असे ताईच म्हणाल्या. ठरले ते एवढेच, की आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेचार ते सहा सर ओट्यावर बसतील, त्या वेळी कोणी हाक मारणार नाही. समूहांपैकी एकच राहील. बाहेरगावचे संमेलन महिन्यातून एक, तेही घरात विचारून. आणि रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात पहाटेची बैठक बंद.

अडीच महिने बरे गेले आणि श्रावणात घडी विस्कटली. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात खान्देशची कानबाई देवी बसणार, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी भाऊबंद जमणार, आणि नेमके त्याच रविवारचे एक निमंत्रण सरांनी घरात न विचारता स्वीकारून टाकले. फोनवर मला मध्यस्थी करायला सांगत होते. मी नकार दिला आणि ही गोष्ट ताईंनाच सांगा म्हटले. सांगितल्यावर दोन दिवस घरात अबोला होता. पण सरांनी आयोजकांना स्वतः फोन करून नाही म्हटले, आणि ते रोटांचे गहू दळून आणायला गेले.

दिवाळीनंतर ते दोघे शेवटचे आले. सरांनी केळीवरची एक नवी कविता घरात वाचून दाखवली होती, लग्नानंतर प्रथमच. "कशी वाटली?" मी ताईंना विचारले. "चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण यांनी 'केळीला फूल आलं' असं लिहिलं होतं. असं कोण म्हणतं? केळ निसवते." सरांनी वही उघडून मला ती ओळ दाखवली. जुना शब्द खोडला होता, आणि वरचा नवा शब्द त्यांच्या अक्षरातला नव्हता.