वाचकांचे प्रश्न : गाय, साबण आणि हसू

प्रश्न : रेमाँ साव्हिन्याक या फ्रेंच चित्रकाराचं मोन्साव्हाँ साबणाचं जुनं पोस्टर पाहिलं. एक गाय आणि एक साबण, बास. चुटका नाही, कोणी काही बोलत नाही, तरी बघताक्षणी हसू आलं. मी कमर्शियल आर्ट शिकतेय, पण माझ्या जाहिरातीतला विनोद नेहमी वरून चिकटवल्यासारखा दिसतो. यांना कसं जमायचं हे?

उत्तर : कारण त्यांनी तो वेगळा घातलेलाच नाही. पोस्टर परत एकदा नीट बघा. हसरी गाय उभी आहे, खाली साबणाची भलीमोठी वडी, आणि कासेतलं दूध सरळ त्या वडीत उतरतंय. साबणात दूध आहे, एवढंच कंपनीला सांगायचं होतं. आता यातली गाय काढा, सांगण्यासारखं काही उरत नाही, साबण काढा, हसण्यासारखं काही उरत नाही. गंमत आणि माल एकाच आकारात बसलेत, आणि माझ्या मते साव्हिन्याकची खरी करामत हीच, रेषा-बिषा सगळं त्यानंतर. बरेच जण आधी मालाचं चित्र काढतात आणि मग कोपऱ्यात एक मजेशीर माणूस उभा करतात, तो कितीही झकास काढला तरी परकाच वाटतो.

डोकेदुखीच्या गोळीचं, आस्प्रोचं पोस्टर मिळालं तर तेही बघा. वैतागलेला माणूस आणि त्याच्या डोक्यातून आरपार चाललेली मोटारींची गर्दी! याला मजकूर कशाला लागतो? गोळीचं नाव लिहिलं की काम झालं. आणि ही पोस्टरं रस्त्यावरच्या भिंतींसाठी होती, बघणारा चालता चालता एक नजर टाकणार, म्हणून एका चित्रात एकच कल्पना, सपाट रंग, जाड रेघ आणि मागे जवळजवळ काहीच नाही.

काळही लक्षात घ्या. साव्हिन्याक १९०७ चे, पॅरिसचे. १९३०च्या दशकात ते कासान्द्र या नामवंत पोस्टर-चित्रकाराच्या हाताखाली होते, आणि कासान्द्रची पोस्टरं म्हणजे भव्य, भूमितीसारखी रेखीव, समोर उभं राहिलं की माणूस दबून जातो. शिष्याने नेमकं उलटं केलं. दुसरं महायुद्ध संपलं तरी फ्रान्समध्ये रेशनिंग १९४९ पर्यंत चालूच होतं, त्याच वर्षी साव्हिन्याकनी बर्नार व्हिल्मो या दुसऱ्या पोस्टर-चित्रकारासोबत पॅरिसमध्ये प्रदर्शन भरवलं आणि ही गाय गाजली. इतकी वर्षं तंगीत काढलेल्या लोकांना दुधाने भरलेली हसरी गाय बघून किती बरं वाटलं असेल! ते स्वतः म्हणायचे की माझा जन्म एक्केचाळिसाव्या वर्षी मोन्साव्हाँच्या गाईच्या सडांतून झाला. तोवरची सगळी वर्षं उमेदवारीचीच म्हणा, म्हणून तुम्ही इतक्यात हताश होऊ नका.

आता करून बघायचं ते सांगते. वस्तू घ्या आणि ती काय करते ते एका क्रियापदात लिहा, धुते, लिहिते, थांबवते, असं. मग ती क्रिया करणारा कोणीतरी काढा, माणूस, प्राणी काहीही, आणि दोघांना शेजारी शेजारी न ठेवता एकमेकांत घुसवा. पहिली दहा-बारा स्केचेस ओढूनताणून वाटतील, वाटू देत. नंतर अक्षरांवर हात ठेवून कोणालातरी दाखवा, कशाची जाहिरात आहे ते त्याला ओळखता आलं नाही तर चेहरा आणखी हसरा करत बसू नका, कल्पनाच बदला. बिक कंपनीच्या बॉलपेनाचा तो मुलगा आठवा, पाठीमागे पेन धरलेला, त्याचं डोकं म्हणजे पेनाच्या टोकातली गोळी. तोही साव्हिन्याकचाच, १९६०च्या आसपासचा, आणि अजून कंपनीच्या चिन्हात आहे.

प्रश्न : मग अशी हाताने काढलेली पोस्टरं मागे का पडली?

उत्तर : फोटो आला, टीव्ही आला, आणि जाहिराती एकट्या चित्रकाराच्या टेबलावरून उठून एजन्सीच्या मीटिंगमध्ये गेल्या. एकाच माणसाच्या डोक्यातली वेडी कल्पना दहा जणांच्या होकारातून धड बाहेर पडणं अवघडच, आणि मला वाटतं खरा घात तिथेच झाला, फोटोने नाही. कारण १९८१ मध्ये सिट्रोएन मोटार कंपनीने परत साव्हिन्याकनाच पोस्टरं करायला सांगितली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि रेघ तशीच जाड होती.