प्रश्नोत्तरे : गोठणारी जमीन आणि यंत्राचा चौथरा

प्रश्न : उघड्यावरच्या जनरेटरचा चौथरा (३ × १.५ मीटर, जाडी २०० मिमी) हिवाळ्यात एका कोपऱ्याला उचलला गेला आणि केबलचा पाइप तडकला. जनरेटर २ टनांचा, माती बारीक गाळाची, जमीन गोठते १.२ मीटरपर्यंत. नवा चौथरा जाड केला तर भागेल?

उत्तर : भागणार नाही. आज काँक्रीट आणि यंत्र मिळून जमिनीवर जेमतेम ९ किलोपास्कल दाब येतो. जाडी दुप्पट केली तरी तो १४ च्या आसपास जाईल आणि गाळमातीतला बर्फ याहून कितीतरी जास्त वजन उचलतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, पण एवढी उचल त्यामुळे होत नाही. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून पाणी ओढत राहतो आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. थंडी हटवता येत नाही. म्हणून माती बदला आणि पाणी तोडा.

१.२ मीटर खोल, चौथऱ्यापेक्षा रुंद खड्डा घ्या. कडांना व तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) अंथरा, नाहीतर गाळ खडीत शिरतो. भुकटी नसलेली खडी १५०-२०० मिमीच्या थरांनी दाबत भरा. तळाशी छिद्रांचा पाइप घालून तो उताराकडे बाहेर काढा. हाच पाइप बहुतेकदा राहून जातो आणि मग खड्ड्याचा हौद होतो.

खांबांवर चौथरा घ्यायचा असेल तर खांबाचा तळ गोठण-खोलीच्या खाली न्या आणि रुंद करा. गोठलेली माती खांबाच्या अंगाला चिकटून त्याला वर ओढते, म्हणून बाजू गुळगुळीत हव्यात आणि गज तळापर्यंत. स्लॅबखाली पोकळी ठेवा, नाहीतर माती स्लॅबलाच ढकलेल.

फोमचे इन्सुलेशन फक्त कडेला लावून उपयोग नाही. ती युक्ती आतून गरम असणाऱ्या इमारतींची. इथे फोम पूर्ण चौथऱ्याखाली आणि कडेबाहेरही हवा.

केबलचा पाइप काँक्रीटमध्ये घट्ट ओतू नका. त्याभोवती मोठ्या व्यासाची स्लीव्ह (बाहेरची नळी) ठेवा, वर लवचिक पाइपचा तुकडा जोडा आणि केबलला ढील द्या.

प्रश्न : चौथऱ्याच्या पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. का?

उत्तर : काँक्रीटमध्ये सूक्ष्म हवेचे बुडबुडे कमी पडले असणार. २० मिमी खडीच्या मिश्रणात सुमारे ६ टक्के हवा आणि ०.४५ पेक्षा जास्त नाही असे पाणी-सिमेंट प्रमाण मागा. वर आलेले पाणी जिरण्याआधी थापी फिरवली तर पृष्ठभाग कमकुवत होतो. १-२ टक्के उतार द्या. गोठलेल्या जमिनीवर ओतू नका. ती वितळली की चौथरा खचतो. ओतल्यावर ३.५ मेगापास्कल ताकद येईपर्यंत काँक्रीट गोठू देऊ नका.