पिटमध्ये जमलेला तकाचेव स्पर्धेत कधी टाकायचा?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. थोडक्यात सांगायचं तर लेक १३ वर्षांची, जिम्नॅस्टिक्समध्ये बार्स (एक उंच, एक सखल अशा दोन दांड्या) तिचा सगळ्यात आवडता इव्हेंट, आत्ताचं रूटीन स्वच्छ होतं, पडत नाही. तकाचेव, म्हणजे झोक्यात बार सोडून त्याच्यावरून मागच्या दिशेने उडत जाऊन पुन्हा तोच बार पकडायचा, हा शिकायला घेतलाय, पिटवर (फोमने भरलेल्या खड्ड्यावर) दहातले सहा पकडते, पण पूर्ण रूटीनमध्ये अजून एकदाही घातलेला नाही. सिलेक्शन दीड महिन्यावर आलंय, लेक म्हणते टाकणारच, कोच म्हणतात थांब, आणि तुम्हाला वाटतंय की बरोबरीची मुलगी करते मग आपली मागे पडेल.

माझं मत विचाराल तर या स्पर्धेत नको. कोचशी मी सहमत आहे, पण नुसतं "थांब" म्हणून मुलीचं समाधान होणार नाही, तिला कारण कळलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मार्कांचं बघू. तुम्ही लिहिलंय की तिला ज्युनियरचे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत आणि रूटीनमध्ये त्याच बारवर सोडून पकडायचं एकही स्किल नाही. म्हणजे पाय फाकवून केलेला तकाचेव अवघडपणाच्या श्रेणीत डी व्हॅल्यूचा, ०.४, वर असं स्किल रूटीनमध्ये असावं ही रिक्वायरमेंट पूर्ण झाल्याचे ०.५. त्याच्यासाठी एखादं ०.२ चं स्किल काढलं तर निव्वळ फायदा ०.७. हे वाचून कोणालाही मोह होईल. आता दुसरी बाजू बघा, हात सुटला तर फॉलचा पूर्ण १ मार्क जातो, बार दोन्ही हातांनी क्षणभर तरी पकडला नसेल तर स्किलची व्हॅल्यू नाही आणि ती रिक्वायरमेंटही नाही, शिवाय काढून टाकलेलं ०.२ गेलंच, म्हणजे आत्ताच्या रूटीनपेक्षा १.२ खाली. दहातले सहा पकडले तर सहाचा फायदा ४.२ आणि चारचं नुकसान ४.८, हिशोब तोट्याचाच निघतो, आणि यात वाकलेले कोपर, सुटलेले पाय यांचे ०.१, ०.३ अजून धरलेलेच नाहीत. दहातले आठ झाले की मात्र चित्र पालटतं, तिथे मीही म्हणेन टाका. (काही लेव्हलच्या नियमांत फॉल ०.५ चाच असतो, तिथे हिशोब वेगळा, तेव्हा आपलं रूलबुक एकदा उघडून बघाच.)

पण खरी गोची वेगळीच आहे. ते सहा पिटवरचे आहेत. पिटवर मुलगी ताजी असते, दोन जायंट (बारभोवती पूर्ण फेऱ्या) मारते, सोडते, पकडला तर खूश, नाही पकडला तर फोममध्ये धप्प. रूटीनमध्ये त्याच्या आधी किप (लटकत्या झोक्यातून बारवर चढणं), कास्ट (तिथून पाय वर फेकून हँडस्टँडकडे जाणं), हँडस्टँड सगळं होऊन गेलेलं असतं, हात भरून आलेले असतात, आणि पकडल्यावर काम संपत नाही, तिथूनच सुरू होतं. बारच्या फार जवळ, कोपर वाकवून पकडलं की स्विंग मेला समजा, मग पुढची किप चढत नाही, मध्ये एक रिकामा झोका जातो आणि त्याचेच ०.५ कापतात. म्हणून पुढच्या वेळी हॉलमध्ये बसाल तेव्हा ती बार पकडते का एवढंच बघू नका, पकडल्यावर हात सरळ आहेत का आणि न थांबता किप करून परत हँडस्टँडवर पोचते का ते बघा. ते दिसायला लागलं की वेळ जवळ आली.

स्पर्धेत अजून एक होतं, बार आपला नसतो. कुठला कडक, कुठला जास्त लवचिक, आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीत बार्सच्या वॉर्मअपला एकीला ५० सेकंद मिळतात, त्यातच बार पुसून मॅग्नेशियम (पकड घट्ट राहावी म्हणून पांढरी पावडर) लावायचं. एवढ्यात सोडायची वेळ जुळवून घ्यायची तर स्किल अंगात मुरलेलं लागतं. दुसऱ्या हॉलमध्ये जाऊन एकदा तरी करून बघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि तिचं वय. या वयात मुली भराभर उंच होतात, तुम्हीच लिहिलंय की मागच्या वर्षीचे लिओटार्ड होत नाहीत. उंची वाढली की झोक्याचं सगळं टायमिंग सरकतं, महिन्यापूर्वी जमणारं अचानक जमेनासं होतं, आणि पोरगी स्वतःलाच नावं ठेवायला लागते. तो तिचा आळशीपणा नाही हे घरात स्पष्ट बोला. मनगट दुखतं म्हणाली तर मात्र "सगळ्यांचंच दुखतं" म्हणून सोडून देऊ नका, तिथली हाडं अजून वाढत असतात, डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत बार बंद.

करिअरचं वय निघून जाईल ही भीती तर काढूनच टाका. आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेसाठी मुलगी त्या वर्षात १६ ची व्हावी लागते, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. या दीड महिन्यात हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यापेक्षा आत्ताच्या रूटीनमधले हँडस्टँड सरळ करून घ्या. कास्ट सरळ उभ्या रेषेपासून १० अंशांपेक्षा जास्त दूर राहिला की दरवेळी काहीतरी कापलं जातं आणि असे कास्ट रूटीनमध्ये एकापेक्षा जास्त असतात, तिथले मार्क बिनधोक मिळतात. बरोबरीची मुलगी काय करते हे तुमच्या मुलीच्या हातात नाही, आणि खरं सांगू का, त्या मुलीच्या फॉलचा हिशोब तुम्ही ठेवलेला दिसत नाही, फक्त तकाचेवचाच ठेवलाय.

आता कोचशी कसं बोलायचं. "कधी टाकणार" विचारलंत की ते बचावाच्या पवित्र्यात जाणार, त्यापेक्षा "टाकायच्या आधी तुम्हाला काय काय दिसलं पाहिजे" असं विचारा, आणि लेकीच्या समोर विचारा. पिटवरून गादीवर, मग तकाचेवच्या पुढची किप जोडून, मग अर्धं रूटीन, मग पूर्ण, अशी पायरी त्यांच्या डोक्यात असणारच, ती तिला दिसली की "थांब" चा राग निम्मा ओसरतो. पहिल्यांदा टाकायचा तो सिलेक्शनमध्ये नको, जिथे पडली तरी काही अडत नाही अशा छोट्या स्पर्धेत टाका. आणि त्या दिवशी वॉर्मअपमध्ये ती "आज नको" म्हणाली तर जुनं रूटीन करायची मोकळीक आधीच ठरवून ठेवा. टोकियो ऑलिम्पिकला २०२१ मध्ये हवेत अंदाज सुटतोय म्हणून अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने फायनल सोडल्या होत्या, मग १३ वर्षांच्या पोरीला एक स्किल सोडायला काय हरकत.

जाता जाता, पत्रात ग्रिप्स (हातात घालायचे चामडी पट्टे) ढिल्या झाल्याचं लिहिलंय. नव्या घ्यायच्या तर या आठवड्यातच घ्या, चामडं रुळायला वेळ लागतो, आणि ताणलेली ग्रिप बारवर अडकून मनगट मोडू शकतं, तेव्हा जुन्या "अजून चालतील" म्हणून बॅगेत ठेवू नका.