सिन्नरच्या माळावर जळालेली रोपं: टँकरच्या आधी हे बघा

तुमची पोस्ट वाचली. सिन्नरच्या पूर्वेला गावकीचा माळ, गेल्या जुलैत वड, पिंपळ, जांभूळ, कडुनिंब मिळून ४०० रोपं, आणि मार्च सरता सरता त्यातली पाव हिस्साही हिरवी नाहीत. सरकारी कार्यालय म्हणतंय की खड्डे लहान पडले, यंदा जेसीबीनं मोठे घ्या आणि तीच रोपं पुन्हा लावा. तुमचा प्रश्न एवढाच, की टँकर आठवड्यातून किती वेळा लागेल. हा तिढा फार ओळखीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आळं, आच्छादन, काठीचा आधार वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

माझं मत आधीच सांगतो: तुमच्या फोटोंवरून तरी ती जागा उजाड जंगल वाटत नाही. तो गवताळ माळ आहे, आणि चांगल्या स्थितीतला आहे. ऑक्टोबरच्या फोटोत गुडघाभर कुसळी गवत दिसतं, मधेच शेडा गवताचे ठोंब, आणि लांब लांब अंतरावर एखादा हिवर, एखादी बोर. ही झाडं तोडून विरळ झालेली नाहीत, ती तशीच असतात.

आपल्या जिल्ह्यात हे समजून घेणं सोपं आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशे-सहाशे. जेमतेम ७०-८० किलोमीटरमध्ये पाऊस पाचपटीनं कमी होतो. आफ्रिकेतल्या सवानांचा, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशांचा, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात असं दिसलं, की वर्षाला साधारण ६५० मिमीपेक्षा कमी पाऊस असेल तिथे झाडांची दाटी किती होणार हे पाणीच ठरवतं. त्याच्या वर गेलात की मग आग आणि चरणारी जनावरं झाडांना रोखून धरतात. तो आकडा जसाच्या तसा दख्खनला लावू नका, माती वेगळी आहे. पण दिशा तीच.

आणि नुसता पाऊसही बघून चालत नाही. अंजनेरीच्या पठारावर पाऊस भरपूर, तरी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीवर, झाडं नाहीत, कारण कातळावर माती बोटभर. पावसात तिथे पाणी साचतं, एप्रिलमध्ये तोच कातळ तापतो. त्यात टिकतात ती चार महिन्यांत आयुष्य उरकणारी रोपटी आणि कंदवाली कंदीलपुष्पं. त्र्यंबकच्या दरीत मात्र खोल माती आणि सावली, पानं पडतात, ओलीत बुरशी ती कुजवते आणि खत मुळांना परत मिळतं. सिन्नरच्या माळावर आठ महिने ओलच नसते, त्यामुळे कुजणं थांबतं. तिथे तेच काम वाळवी, शेणकिडे आणि चरणारी जनावरं करतात. म्हणून त्र्यंबकला चाललेली झाडांची यादी सिन्नरला चालत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. जेसीबी माळावर चढू देऊ नका. रोपं मेली तर एका वर्षाचं नुकसान होतं. जेसीबीनं मोडलेला माळ परत यायला दशकं लागतात. मुरमाड माळावर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली कातळ. बकेट ही उतरंड उलटी करते: काळी माती खाली गाडली जाते, मुरूम वर येतो आणि गवताचे जुने ठोंब मुळासकट निघतात. या गवतांचा जीव जमिनीखाली असतो. भर उन्हात ती जोमानं वाढतात, पण सावली त्यांना सोसत नाही. उकरलेल्या भुसभुशीत जागेत पहिल्या पावसाला गाजरगवत आणि तरोटा येतो, मागोमाग शेळ्यांच्या लेंड्यांतून वेडी बाभूळ आणि पाखरांच्या विष्ठेतून घाणेरी. शिवाय कातळात खोदलेला खड्डा ऑगस्टमध्ये हौद आणि फेब्रुवारीत भट्टी होतो. आधी मूळ कुजतं, जे वाचतं ते भिंतीला धडकून गोल फिरतं. खड्डा मोठा केल्यानं यातलं काहीच बदलत नाही. त्यात खड्ड्यांचा हंगाम एप्रिल-मे, आणि माळटिटवी जमिनीवर उघडी अंडी घालते तीही त्याच दिवसांत.

कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, पण आमचीही फाइल अशाच एका टेबलावर अडली होती. तीन बाय तीन मीटरला एक खड्डा म्हणजे हेक्टरी १,१११ रोपं, हा हिशोब फॉर्मवर आधीच छापलेला. गवताला रकानाच नाही. माळ दाखवायला चला म्हटलं की साहेब दौऱ्यावर, आणि नोंद 'पडीक'. ज्या जमिनीवर धनगरांची मेंढरं पिढ्यान्पिढ्या चरली, जिथे खोकड आणि लांडगा राहतो, तिला पडीक म्हणणं मला अजूनही पटत नाही. येवल्यात ममदापूरला काळवीट आहेत ते अशाच माळाच्या जोरावर. असो.

तर वाद घालण्यापेक्षा कागद तयार करा. १०० मीटरचा टेप टाका, दर दहा मीटरला एक बाय एक मीटरची चौकट ठेवा, आतली बारमाही गवतं किती आणि उघडी जमीन किती हे लिहा, फोटो काढा. हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करायचं, तुरे असतात तेव्हाच गवत ओळखता येतं. दोन-तीन ठिकाणी कुदळीनं फूटभर खोल बघा, मुरूम कुठे लागतो ते मोजा. मग पाणी मुरण्याची चाचणी: १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा पाच सेंटिमीटर जमिनीत ठोका आणि ४५० मिली पाणी ओता, म्हणजे बरोबर एक इंच पाण्याचा थर होतो. पहिलं पाणी जमीन भिजवायला, मुरायला लागणारा वेळ दुसऱ्या पाण्याचा मोजा. एकदा गवतात, एकदा जुन्या खड्ड्याच्या काठच्या तुडवलेल्या जागेत. दोन्हींतला फरकच अर्जात लिहा.

जिथे खड्डे झालेत तिथे माती परत लोटा आणि गवत पेरा. बी दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच माळावरून हातानं ओरबाडून घ्या: शेडा, पवन्या, डोंगरी, मारवेल. सावलीत वाळवून गोणपाटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. ताजं बी लगेच पेरू नका, ते सुप्तावस्थेत असतं, पुढच्या जूनपर्यंत थांबा. बी फार हलकं, वाऱ्यानं उडतं आणि मुंग्या नेतात, म्हणून गोळ्या करा: एक भाग बी, तीन भाग पोयटा, तीन भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. कुसळीला हे काही लागत नाही. तिचं एक कुसळ तळहातावर घेऊन थेंबभर पाणी टाका, पिळलेली शेपटी उलगडत गोल फिरू लागते. सुकली की पुन्हा पिळते. टोकाशी मागे वळलेले केस असतात, त्यामुळे बी मातीत पुढेच सरकतं. मेंढपाळांना मात्र ती नकोशी, लोकरीत आणि तोंडात रुतते, म्हणून मुद्दाम वाढवू नका.

पहिलं वर्ष बी पडेपर्यंत चराई बंद. नंतर कायमची बंदी नको. जुनं गवत तसंच उभं राहिलं की नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही. मार्गशीर्षात कापणी करा, दहा-पंधरा सेंटिमीटर बुडखा ठेवा. जाळण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मी दरवर्षी जाळण्याच्या विरोधात आहे.

झाडं हवीतच तर ओघळीच्या काठाला लावा, तिथे करंज, उंबर, जांभूळ तगतील. माळावर एकरी चार-पाच हिवर, बोर, बाभूळ पुरे, तीही बी टोकून. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करा, पोटातून गेलेलं लवकर रुजतं. वेडी बाभूळ वरून तोडली की दहा फुटवे येतात, जमिनीखाली वीतभर खोल छाटा. घाणेरी फळं धरायच्या आधी, मूळ मातीच्या जरा खालून तोडून झुडूप उलटं ठेवा, मुळं वर.

शेवटी एक सावधगिरी: मी फक्त फोटो पाहिलेत. सातबारा आधी बघा. जमीन वनखात्याची निघाली तर परवानगीशिवाय बी पेरायलाही हात लावू नका. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव जूनच्या आधी करून घ्या, कारण ठराव नसेल तर खड्ड्यांचं टेंडर आधी निघतं.